रंगाखालचा पत्रा

जुनी गाडी रंगवायला आलेला माणूस भाव विचारताना बोनेटकडं बघत असतो. मी तेव्हा दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत असतो. त्याला चमक हवी असते आणि मला पत्रा किती उरलाय ते बघायचं असतं. आमच्या आकड्यांत फरक पडतो तो इथंच. तीसेक वर्षं झाली, नीरा-बारामती रस्त्याला कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये शेड टाकून डेंटिंग-पेंटिंग करतोय. या काळात गाड्या बदलल्या, रंग बदलले, गन बदलल्या. पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच राहिला, “पूर्ण गाडी मारायची, किती घेणार?” आणि माझं उत्तरही तेच, “आधी खरवडून बघू द्या.”

हे उत्तर कुणाला आवडत नाही. माणसाला वाटतं पेंटर टाळतोय, नाहीतर जाळं टाकतोय.

मी काम शिकलो पुण्यात, नाना पेठेच्या जवळच्या एका बोळात. नाना पेठ म्हणजे स्पेअर पार्टची पेठ. तिच्या आजूबाजूला तेव्हा छोटी छोटी गॅरेजं दाटीनं होती. उस्तादांनी सुरुवातीला कितीतरी महिने गनला हात लावू दिला नाही. काम काय, तर पेपर मारायचा. बादलीत पाणी, पाण्यात पॉलिश पेपर, आणि समोर पुट्टी भरलेलं दार. आधी जाड पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. बोटांची टोकं इतकी झिजायची की रात्री भाकरी मोडताना आग व्हायची. उस्ताद डोळे मिटून पॅनेलवरून तळवा फिरवायचे आणि बोट ठेवायचे, “इथं खड्डा आहे.” मला तो दिसायचा नाही. दोन दिवसांनी रंग चढला की नेमका तिथं उजेड वाकडा व्हायचा. डोळा फसतो, तळवा फसत नाही, एवढं त्या बोळात समजलं.

तो काळ ड्यूकोचा होता. नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनरमध्ये मोकळा करून मारायचा. रंगाचे हात झरझर वाळायचे, पण चमक मिळवायची तर शेवटी कंपाउंड घेऊन रबिंग करावं लागे, आणि दोन-चार उन्हाळ्यांत तो मंद पडे. नंतर हार्डनर घालायचा टू-के रंग आला. त्याच्या पाठोपाठ मेटॅलिक आलं, म्हणजे खाली बेस आणि वर लॅकर. चमक गनमधूनच यायला लागली आणि लोकांचा समज झाला की काम सोपं झालं. सोपं झालं ते वरचं. खालचं होतं तसंच राहिलं.

आता खर्चाचं बोलतो, कारण त्याबद्दल स्पष्ट बोलायला पेंटर कचरतात. छोटी पांढरी गाडी बाहेरून मारायची तर रंग लागतो अडीच-तीन लिटर. त्यात हार्डनर, थिनर, प्रायमर, सरफेसर, पुट्टी, पेपर आणि मास्किंग टेप धरा. हा सगळा माल माझ्या आजच्या हिशेबात नऊ-दहा हजारांत बसतो. आणि गाडीचे मी घेतो तीस-पस्तीस हजार, तेही पत्रा धड असेल तर. मेटॅलिक असेल तर चाळीस-पंचेचाळीस. बोलेरो, स्कॉर्पिओ असली की साठच्या पुढं. गिऱ्हाईक मालाच्या दुकानात जाऊन लिटरचा भाव काढून येतं आणि विचारतं, “मग बाकीचे पैसे कशाचे?”

बाकीचे पैसे दोन माणसांच्या आठ-दहा दिवसांचे. बंपर, लाइटी, हँडल, काचेचे रबर सोडवायचे. ठोकपीट करायची. जुना फुगलेला रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा. पुट्टी भरायची, घासायची, परत भरायची, परत घासायची. सरफेसर मारून पुन्हा पेपर. प्रत्यक्ष रंग मारण्याचं काम एका दिवसात होतं. म्हणजे गिऱ्हाइकाला जे दिसतं ते एक दिवसाचं आणि ज्याचे पैसे जातात ते उरलेल्या दिवसांचं.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. मोटार विम्याचं जुनं टॅरिफ आहे, त्यात अपघाताच्या दाव्यात रंगकामाला पन्नास टक्के घसारा लावतात, पण फक्त मालाच्या किमतीवर. आणि बिल एकत्रच असेल, माल-मजुरी वेगळी दाखवलेली नसेल, तर मालाचा वाटा धरतात एकूण रंगकामाच्या २५ टक्के. म्हणजे ४०,००० रुपयांचं रंगाचं बिल असेल तर माल धरला १०,०००, आणि गाडीवाल्याच्या खिशातून घसाऱ्यापोटी गेले ५,०००. विमा कंपनीच्या माणसांनीसुद्धा माल चारातला एकच हिस्सा मानलाय. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल होतो. मात्र नुसता उन्हानं उडालेला रंग विम्यात बसत नाही, तेही लगेच सांगून टाकतो.

आमच्याकडं पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो. सोमेश्वर नाहीतर माळेगाव साखर कारखान्याला ऊस गेला, बिल बँकेत पडलं की शेडसमोर गाड्या लागतात. नेमका तोच काळ रंगाला वाईट. गाळप चालू असताना वारं फिरलं की कारखान्याच्या धुराड्याची काजळी उडत येते आणि ओल्या लॅकरवर बसते. काळे बारीक कण, एकेक ठिपका टोचून काढून पुन्हा पॉलिश. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र चालू, त्यांची धूळ वेगळीच. शेडला आतून प्लॅस्टिकचा कागद लावणं, मारायच्या आधी जमीन पाण्यानं भिजवणं, हे मी पुण्यात शिकलो नव्हतो. ते इथं शिकलो.

२००५ नंतरची काही वर्षं भारनियमनानं पिळून काढलं. गाडीला बेसचा दुसरा हात चालू आहे, अर्धं छप्पर झालंय, आणि लाइट गेली. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा उरते एखाद्या दारापुरती. अर्धवट सुकलेल्या कडेवर दोन तासांनी पुन्हा गन फिरवली तर पट्टा दिसतोच. मग आम्ही रात्री मारायला लागलो, जेव्हा थ्री फेज असायची तेव्हा. शेतकरी मोटर चालू करायला उठायचा, आम्ही कॉम्प्रेसर. पण रात्री बल्ब लावला की उसातली पाखरं-किडे थेट ओल्या रंगावर. पांढऱ्या गाडीवर तर हमखास. शेवटी शेडच्या बाहेर लांब एक मोठा दिवा लावला आणि आतला उजेड कमी केला, किडे तिकडं गेले. आजही रात्री काम निघालं तर तो दिवा लावतो.

पाऊस मात्र आमच्या बाजूनं. बारामती तालुका पर्जन्यछायेतला. कोकणातल्या पेंटरला चार महिने दमट हवा झेलावी लागते, आमच्याकडं ते दिवस थोडे. ड्यूकोच्या काळात दमट हवेत मारलं की रंग पांढुरका पडायचा. आता तेवढं होत नाही, पण आषाढात सोपानकाकांची पालखी गावातून जाते त्या सुमाराला मी लॅकरचं काम शक्यतो धरत नाही. एक म्हणजे आभाळ, आणि दुसरं म्हणजे पोरं कामावर थांबत नाहीत.

गंजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इथल्या गाड्या सडतात त्या समुद्राच्या हवेनं नाही. चिखलात, पाण्याच्या पाटातून गाडी शेतात नेतात, ती तशीच अंगणात उभी राहते. जुन्या मारुती ८०० ला तीन जागा ठरलेल्या, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, आणि दारांचा तळ. दाराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की काचेवरून आत उतरलेलं पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून बाहेर खातं. बाहेर पहिल्यांदा फक्त एक फोड दिसतो, मुगाएवढा. गिऱ्हाईक म्हणतं, “एवढं जरा पुट्टीनं दाबा.” स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं की आरपार जातं. अशा ठिकाणी पुट्टी भरली तर ती गंजावर बसते, पत्र्यावर नाही. एक पावसाळा निघतो, दुसऱ्याला फोड परत. तिथं पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायला लागतो आणि भावात न धरलेला खर्च वाढतो. म्हणून ते “आधी खरवडून बघू द्या.”

नव्या गाडीचा रंग एवढा टिकतो आणि तुमचा का नाही, असं लोक विचारतात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा तीनचाकी गाड्यांचा कारखाना आहे, त्यामुळं आमच्या भागातल्या पोरांना गाडी तयार कशी होते हे ऐकून तरी ठाऊक असतं. गाड्यांच्या कारखान्यात उघडी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेनं प्रायमर चढवतात, त्यामुळं तो आतल्या पोकळ्यांतही पोचतो. मग भट्टीत दीडशे अंशाच्या वर भाजतात. तयार गाडी मला तशी भाजता येत नाही. आत वायरिंग आहे, रबर आहे, प्लॅस्टिक आहे. चांगल्या बूथमध्येसुद्धा साठ अंशांच्या आसपास अर्धा तास, एवढंच. माझ्या शेडमध्ये तर ऊनच. तेव्हा कंपनीचा मूळ रंग जिथं धड आहे तिथं तो उतरवू नये, हे माझं ठाम मत झालंय. पॉलिश करून निभत असेल तर मी पॉलिशच सांगतो. माझं बिल छोटं होतं, होऊ दे.

सगळ्यात जास्त घाम चंदेरी रंगानं काढला. एका डॉक्टरांची चंदेरी गाडी मोरगावच्या रस्त्याला ट्रॉलीला घासली, एक दार गेलं. कोड बघून मशीनवर तोच रंग बनवून आणला. दार मारलं, आणि ते उन्हात गडद दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, “रंग चुकीचा आणलाय.” रंग बरोबर होता. मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. हात ओला पडला की ते खाली बुडतात आणि शेड गडद होते, कोरडा पडला की वर राहतात आणि उजळ दिसते. गनची हवा, अंतर, थिनर यांनी एकच डबा दोन रंगांचा होतो. शिवाय त्यांची गाडी दहा उन्हाळे खाल्लेली, कोड मात्र नव्या गाडीचा. तेव्हापासून आधी पत्र्याच्या तुकड्यावर हात मारून, सकाळच्या उजेडात गाडीला लावून बघतो. ट्यूबलाइटखाली शेड ठरवत नाही. आणि एक दार मारायचं असेल तर शेजारच्या दोन पॅनेलवर बेस विरवत न्यायचा आणि लॅकर पूर्ण मारायचं. एका दाराचे पैसे सांगितले आणि तीन पॅनेल उघडली, म्हणून भांडणं झाली आहेत. आता हे आधीच कागदावर लिहितो.

एक निवृत्त गुरुजी आले होते, पांढरी मारुती ८०० घेऊन. पंधरा वर्षं पुरी होत आली होती आणि बारामतीच्या आरटीओत पासिंगला न्यायची होती. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर आणखी वेगळा. गुरुजींनी वहीत सगळं मांडलं होतं. बाजारात त्या गाडीला चाळीस-पन्नास हजारांच्या वर कोणी विचारत नव्हतं, आणि माझा नुसता रंगाचा आकडा तीस हजार. मी म्हणालो, “गुरुजी, पासिंगला गाडी धड दिसली पाहिजे, लाइटी-ब्रेक पाहिजेत. नवी दिसायची गरज नाही. कमानी वेल्ड करू, तेवढ्याच मारू, बाकी पॉलिश. दहा-बारा हजारांत होईल.” ते जरा वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “गाडी विकायची असती तर तू म्हणतोस ते बरोबर. मला ती वापरायचीय.” पूर्ण गाडी मारली. त्यांना ते पैसे परत मिळणार नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

याच्या उलट जुन्या गाड्यांचा एक व्यापारी. त्याला गाडी चार दिवसांत हवी असायची. “चमक दे, आयुष्य नको,” असं सरळ म्हणायचा. न सोडवता बंपर, रबरावर नुसती टेप, गंजावर पुट्टी, वर जाड लॅकर. दोन-तीन गाड्यांनंतर मी बंद केलं. कारण साधं होतं. गाडी विकत घेणारा इथलाच कुणीतरी निघायचा आणि वर्षाच्या आत ती माझ्याच दारात यायची, शिव्या मला. हल्ली घेणारे शहाणे झालेत. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन येतात. कंपनीचा रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या घरात असतो. दुसऱ्यांदा मारलेला दोनशेच्या पुढं जातो आणि खाली पुट्टी असेल तर आकडा हजारावर. रंगवलेली जुनी गाडी जास्त भावात जाईल ही आशा त्या यंत्रानं बऱ्यापैकी मारून टाकली. घेणारा म्हणतो, “मारलीय म्हणजे ठोकलेली असणार.”

रंग बदलायचं खूळही येतं. पोरांना जीपला मिलिटरीचा हिरवा हवा असतो. ऑलिव्ह ग्रीन संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखलेला आहे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. मी मारत नाही. दुसरा कुठला रंग घ्यायचा तर तो आरसीवर लिहिलेला असतो, आरटीओत नोंद करून घ्या, विम्यालाही कळवा, मग या. निम्मे तिथंच गळतात. शिवाय रंग बदलायचा म्हणजे दारांच्या चौकटी, डिकी, बोनेटची आतली बाजू हे सगळं आलं. खर्च दीडपट होतो. न करता मारलं तर दार उघडल्यावर जुना रंग डोळे वटारतो.

मला स्वतःला आवडलेलं काम म्हणजे एक प्रीमियर पद्मिनी. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची, २००० च्या आसपास बंद पडली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून उरलेलीही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ही खासगी होती, वाड्यात झाकून ठेवलेली. रंग काढायचं रसायन लावलं, तर मरूनखाली निळा, निळ्याखाली क्रीम. मालकांना नक्की आठवत नव्हतं मूळचा कोणता. डॅशबोर्डखालच्या, कुणीच कधी न रंगवलेल्या कोपऱ्यात तो सापडला, क्रीमच. त्या कामाला तीन महिने लागले आणि ठरलेल्या पैशात माझी मजुरी सुटली नाही, हेही सांगून टाकतो. पण तो पत्रा जाड होता, ठोकला की ऐकायचा. आताचा पत्रा पातळ आणि कडक. ठोकताना ताणला की फुगून राहतो.

या धंद्यानं शरीराकडून काय घेतलं ते बिलात कधीच येत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याबरोबर ते छातीत जातं आणि दमा लावतं. एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोड्या वासानंही श्वास अडकतो. आम्ही नाकाला रुमाल बांधून वर्षानुवर्षं मारलं आणि हात थिनरनं धुतले. माझ्याबरोबर शिकलेला एक जण, हात माझ्यापेक्षा चांगला, चाळिशीतच गन ठेवून किराणा दुकानात बसला. मी कोळशाचे फिल्टर असलेला मास्क वापरतो, पोरांना मास्कशिवाय शेडमध्ये उभं करत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क त्याहून चांगला, त्याच्यासाठी पैसे बाजूला काढतोय. फिल्टर बदलायचा खर्च गाडीमागं धरायला लागलो तेव्हा शेजारच्या गावातल्या पेंटरपेक्षा माझा भाव वर गेला. काही गिऱ्हाइकं तिकडं गेली.

रंग झाल्यावर माणूस गाडी घेऊन आधी जेजुरीला जातो. महिनाभर पॉलिश लावू नका, आठवडाभर धुऊ नका असं सांगितलेलं असतं, पण भंडाऱ्याचं कोण सांगणार? पांढऱ्या कोवळ्या रंगावर हळदीचे पिवळे डाग घेऊन येतात, घाबरलेले. उन्हात उभी करा म्हणतो. हळदीचा रंग उन्हानं उडतो.

गेल्या हंगामात एक तरुण शेतकरी अल्टो घेऊन आला. छपराचं आणि बोनेटचं लॅकर उन्हानं पापुद्रे सुटून निघालेलं, दारं मात्र कंपनीच्या रंगात शाबूत. पुण्यात सर्व्हिस सेंटरला त्याला पॅनेलच्या हिशेबानं पूर्ण गाडीचा आकडा मिळाला होता, माझ्या दुपटीच्या जवळ. तो माझ्याकडं स्वस्तात पूर्ण गाडी मारून घ्यायला आला होता. मी त्याला दारं घासून दाखवली, पॉलिशचा एक हात मारून दाखवला.

“म्हणजे नुसतं छप्पर आणि बोनेट?”

“आणि मागच्या कमानीला एक फोड आहे, तो उघडून बघू. आत काय निघतंय त्यावर पैसे.”

“काय निघंल?”

“ते उघडल्यावर.”

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मी पोराला तार आणायला सांगितली. आधी दारांच्या तळाची भोकं मोकळी करून घेतली, डाव्या मागच्या दारातून बराच वेळ लाल पाणी आलं.